१९.९८२५ पासून सुरुवात

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये सेंटरलेस ग्राइंडिंगवर (जॉब न पकडता दोन चाकांमध्ये घासणाऱ्या मशीनवर) २० मिलिमीटरच्या पिना होतात. फिट एच-सेव्हन (छोटा एच, h7), म्हणजे व्यास १९.९७९ ते २०.००० मिलिमीटरमधे हवा. मागच्या महिन्यात एका लॉटमधल्या १०० पिनांची मापं माझ्याकडे आली आणि मी नेहमीप्रमाणे त्यांचा आयतालेख, म्हणजे कुठल्या मापगटात किती पिना हे खांबांनी दाखवणारा आलेख, काढायला बसले.

सगळ्यात लहान माप १९.९८३, सगळ्यात मोठं २०.०००. फरक १७ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वर्ग किती घ्यायचे याचं स्टर्जेसचं १९२६ सालचं सूत्र १०० मापांना साधारण ८ वर्ग सांगतं. १७ भागिले ८ साधारण २.१ येतं, म्हणून मी वर्गांतर, म्हणजे एका वर्गाची रुंदी, २.५ मायक्रॉन घेतलं. आकडा सुटसुटीत वाटला. आलेख आला तो करवतीच्या दातांसारखा: एक खांब उंच, शेजारचा बुटका, पुन्हा उंच. मीटिंगमध्ये मशीनवर संशय गेला, स्पिंडल (चाक फिरवणारा दांडा) तपासायची भाषा सुरू झाली.

रात्री घरी कागद घेतला आणि हाताने ताळ्याच्या खुणा करत गेले. चार उभ्या, पाचवी आडवी. तेव्हा लक्षात आलं. आमचा मायक्रोमीटर १ मायक्रॉनपर्यंतच वाचतो. २.५ चं वर्गांतर घेतलं की एका वर्गात १९.९८३ आणि १९.९८४ अशी दोनच मापं पडू शकतात, पुढच्या वर्गात १९.९८५, १९.९८६, १९.९८७ अशी तीन. पुन्हा दोन, पुन्हा तीन. ते दात मशीनचे नव्हतेच, माझ्या वर्गांचे होते.

वर्गांतर मायक्रोमीटरच्या लीस्ट काउंटच्या, म्हणजे तो वाचू शकतो त्या सगळ्यात लहान मापाच्या, पूर्ण पटीतच घ्यायचं. मी २ मायक्रॉन घेतलं. आणि सुरुवात १९.९८२५ पासून, म्हणजे अर्धा लीस्ट काउंट मागून. मग कुठलंच माप वर्गाच्या सीमेवर बसत नाही, ‘हे इकडे की तिकडे’ हा प्रश्नच उरत नाही. शाळेत वर्ग तयार मिळायचे, त्यामुळे ते ठरवणं हेच खरं काम आहे हे मला कामावर लागल्यावर कळलं.

नऊ वर्ग झाले. वारंवारता अशी: २, ६, ११, १७, १९, १४, १०, ७, १४. दात गेले, छान टेकडी दिसली. पण शेवटचा खांब बघा. ७ पर्यंत उतरलेली टेकडी एकदम १४ वर चढते आणि तिथेच कडा तुटतो. त्या १४ पैकी ११ मापं नेमकी २०.०००. २०.००१ एकही नाही.

बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात फ्रेंच सैन्यभरतीच्या एक लाख तरुणांच्या उंच्या तपासल्या, तेव्हा त्याला हेच दिसलं होतं. १५७ सेंटिमीटरच्या खालच्यांना भरतीतून सूट होती. त्या रेषेच्या जरा खाली माणसं अपेक्षेपेक्षा जास्त, जरा वर कमी. सुमारे दोन हजार जण उंची चोरून सुटले असावेत असा अंदाज त्याने नुसत्या वारंवारतेवरून बांधला.

सकाळी मशीनवर गेले. तिथले काका माझ्यापेक्षा वीस वर्षं जुने. म्हणाले, “ताई, जॉब गरम असतो. एक मायक्रॉन जास्त आला तर गार झाल्यावर बसतोच.” त्यांचं चूक नव्हतं. २० मिलिमीटरचं पोलाद ५ अंशांनी तापलं की साधारण १ मायक्रॉन फुगतं. मी त्या शंभरही पिना रात्रभर एसीच्या खोलीत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मोजल्या. सगळी टेकडी जराशी डावीकडे सरकली, कडा नाहीसा झाला, उतार सावकाश संपला. तरीही ४ पिना २०.००० च्या पलीकडे राहिल्या.

“मग जास्त आलेलं लिहिलं का नाही, काका?” मी विचारलं. त्यांनी चेकशीट पुढे केली. खुणा करायच्या रकान्यांत शेवटचा रकाना २०.००० चा होता. त्यापुढे कागदच संपत होता. ते चेकशीट मी बनवलेलं आहे, तीन वर्षांपूर्वी.

त्या ४ पिना रिवर्कला, म्हणजे पुन्हा घासायला गेल्या. नव्या चेकशीटमध्ये रकाने २०.००५ पर्यंत आहेत, आणि वर एक ओळ छापली आहे: जॉब गार झाल्यावरच मोजावा, आलेलं माप आहे तसं लिहावं. पहिल्या आठवड्यात काकांनी २०.००१ खाली तीन खुणा केल्या होत्या.