अण्णा नाईक, वॉल्टर व्हाईट न आमचे मोठेबाबा

परवा रात्री लाईन गेली, डासांपायी झोप तं येणारच नव्हती, मग अंगणात खाट टाकून आई न मी मोबाईलवर ब्रेकिंग बॅड ही अमेरिकन सिरीयल पाहत बसलो. आईला इंग्रजी समजत नाही, मी मधेमधे थांबवून सांगत होती. वॉल्टर व्हाईट केमिस्ट्रीचा मास्तर, फुफ्फुसाचा कॅन्सर झालेला, बायको पोटुशी, घरात एक पोरगा, पैसा नाही म्हणून ड्रग्स बनवायला लागतो. इथपर्यंत आई त्याच्याच बाजूनं होती. दवाखान्यापायी वावर गहाण पडणं म्हणजे काय हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

पण पहिल्याच सीझनमध्ये त्याचा जुना पार्टनर त्याला नोकरी देतो म्हणतो, इलाजाचीही सोय होते, आणि हा नाही म्हणून मोकळा होतो. आईनं माझा हातच धरला. "काहून नाई म्हणला थो? पैसे तं भेटून राहिले होते ना!"

मला वाटते माणूस स्क्रीनला चिकटतो तो इथं. बाजूची काकू नेहमी म्हणते, आजकाल सगळ्या सिरीयलमध्ये वाईटच माणसं, त्यात पाहाचं काय. पण नुसतं वाईट असून भागत नाही ना काकू. माझ्या नवऱ्याची बायको मधला गुरुनाथ आठवा. त्याची बायको राधिका नागपूरची, टीव्हीवर आपली बोली ऐकू येते म्हणून आम्ही किती हौसेनं पाहत होतो, पण गुरुनाथ वर्षानुवर्षं तेच खोटं बोलत राहिला, त्याच्या मनात काय चाललंय ते कधी कळलंच नाही, आणि राधिका मसाल्याच्या धंद्यातून मोठी होत होत इतकी चांगली झाली की आई दिवा लावायच्या टायमाला उठून जायला लागली. तिची एखादी चूक तरी दाखवायला पाहिजे होती.

उलट रात्रीस खेळ चाले चा दुसरा भाग, 2019 चा. अण्णा नाईक म्हणजे लोकांच्या जमिनी बळकावणारा, बाईच्या नादी लागलेला, बायकोवर हात उचलणारा. त्याची भाषा मालवणी, निम्मे शब्द आम्हाला समजत नव्हते, तरी आई एक भाग सोडत नव्हती. अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांचा तो चेहरा! पण मी पाहत होती त्याच्या बायकोकडे, माईकडे. अण्णा जेवायला बसला की घर कसं चूप होते, हे त्या सिरीयलनं बरोबर पकडलं होतं. अशा माणसाची किंमत घरच्यांना मोजावी लागते, ती दाखवली तरच तो माणूस खरा वाटतो.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर धान निघालं की रातभर नाटकं चालतात, लहानपणी मीही मांडवात पुढं बसून पहाटेपर्यंत पाहायची. खलनायक आला की बाया बोटं मोडायच्या, आणि तो पडला, रडला की त्याच बाया पदर डोळ्याला लावायच्या. म्हणजे हे आपल्याला नवीन नाही, ओटीटीनं शिकवलेलं तं बिलकुलच नाही.

आता आईनं हात काहून धरला ते सांगते. आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, तापट, कोणालाच आवडायचे नाहीत, मलाही नाही. मोठ्या आईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, ऑपरेशन निघालं तेव्हा बाबा पैसे घेऊन त्यांच्या दारात गेले होते. मोठेबाबांनी भावाचा पैसा नको म्हणून परत पाठवलं आणि दोन एकर विकलं. मोठी आई वाचली, पण बरी झाल्यावर दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्याला जायला लागली, स्वतःच्या वावराशेजारून.

शेवटच्या भागात वॉल्टर बायकोजवळ कबूल करतो की हे सगळं त्यानं स्वतःसाठी केलं, त्याला ते आवडत होतं. ते मी आईला आधीच सांगून टाकलं, सांगायला नको होतं. ती कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुह्या मोठ्याबाबानं असं एकदा तरी म्हणाले पाहिजे होतं."

लाईन आली तरी आम्ही खाटेवरच बसून होतो.