टमाट्याचा टेकू

आमच्या लातूरला टोमॅटो कुणी म्हणत नाही, टमाटेच. तर गणपती उठल्यावर अंगणात टमाट्याची पाच रोपं लावली. नर्सरीवाल्यानं विचारलं झुडपाचे देऊ का वेलाचे, मी वेलाचे घेतले, कारण झुडपाचे एकदाच लदलदून येऊन संपतात आणि वेलाचे वाढत राहतात, लागत राहतात, एवढंच यूट्यूबवर ऐकलं होतं. आता वेल म्हटल्यावर माझ्या डोक्यात दोडका, कारलं. त्यांना धरायला ते बारीक स्प्रिंगसारखे तंतू असतात, दिसेल त्याला पकडत वर जातात. टमाट्याला असलं काहीच नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराकडचा, तिकडं भुईवर लोळत पसरणारा गडी, त्याला उभं करायची हौस आपली.

आई लावतानाच म्हणली होती, "काठी आत्ताच रोव, मागून रोवलीस तर मुळ्या तुटत्यात." पण वीतभर रोपाशेजारी सहा फुटाची काठी म्हणजे मला बारशालाच नवरदेवाचा फेटा वाटला. राहू दे म्हणलं, बघू नंतर.

नंतर म्हणजे येळवशीला, आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला. दिवसभर शेतात, भज्जी, उंडे, वर आंबील, संध्याकाळी पोट सांभाळत घरी आलो तर दोन झाडं सपशेल आडवी. मोडली नव्हती, आपल्यासारखीच जेवून पडल्यासारखी. एकाखाली हात घालून उचलायला गेलो तर सहज दोन किलोचा ऐवज, सगळा हिरवा. त्यातला मातीला टेकलेला एक टमाटा खालून मऊ पडलेला, त्याला गोगलगाय चिकटलेली. दोन हजार बावीसला ह्या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन काय केलं ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळं ती आधी उचलून मिठात टाकली.

मग टेकूची धावपळ. शेतातून तुराट्या, म्हणजे तुरीची वाळकी खोडं आणली, त्या चुलीला आणि कुडाला चांगल्या, पण ह्या वजनाला दुसऱ्याच दिवशी काडकन. मग वेळूच्या काठ्या आणल्या. आमची काळी माती म्हणजे वाळली की दगड आणि भिजली की लोणी, कोरड्यात हातोड्यानं ठोकून घाम निघाला (मुळ्या तुटल्याच असतील, आईला सांगितलं नाही) आणि पाणी दिलं की रात्रीतून काठ्या अशा वाकल्या की झाडच काठीला धरून उभं. शेवटी दीड हात खोल पहार मारून बसवल्या तेव्हा कुठं थांबल्या.

बांधायला मी नायलॉनची दोरी घेतली, करकचून. आठ दिवसांत तिनं खोडाला वळ पाडला. आईनं ते बघितलं, काही न बोलता आत गेली आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्या फाडून आणल्या. चिंधी आधी काठीला घट्ट गाठ मारायची, मग मधी एक पीळ देऊन झाडाभोवती सैल, म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा, काठी आणि खोड घासत नाहीत. सैल म्हणजे किती? "वासराच्या दाव्यात दोन बोटं जातेत ना, तेवढं." आणि बांधायचं घोसाच्या खाली, नाहीतर वजनानं घोसाचा देठच मोडतो. माझ्या हाताला तो पिवळा-हिरवा डाग आणि टमाट्याच्या पाल्याचा वास, साबणानं पण लवकर जात नाही, ऑफिसात दोघांनी विचारलं काय लावून आलास म्हणून.

पाचव्या झाडाला वेळू कमी पडला. शेजारच्यांनी शेवगा छाटला होता, त्यातली मनगटाएवढी सरळ फांदी मागून आणली आणि रोवली. आईनं नाक मुरडलं, शेवग्याचा काय भरवसा, लेकरू चढलं तरी मोडतो. पण टिकली. टिकली म्हणजे काय, महिन्या-दीड महिन्यात डोळ्याडोळ्यातून हिरवे कोंब. टमाट्याला रोज मिळणारं पाणी हा टेकू गुपचूप पीत होता! तिकडं झाडाला टमाटे लाल व्हायलेत आणि इकडं काठीला पालवी, कोण कुणाला धरून उभाय ते येणाऱ्याला सांगत बसायचो. टमाटे मात्र झकास निघाले, जुलै दोन हजार तेवीसला शंभर रुपयांच्या वर किलोनं घेतलेले आठवत होते म्हणून शेजारी वाटताना उगीच शेठ असल्यासारखं वाटत होतं, खरं तर बाजारात तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

मार्च संपता संपता ऊन पस्तीसच्या वर गेलं आणि फुलं गळायला लागली, फळ धरेना. गेल्या रविवारी पाचही झाडं उपटली, वेळू धुऊन माडीवर टाकले. शेवग्याला हात लावला तर आई ओरडली, "त्यानं जीव धरलाय, राहू दे." आता तो माझ्या डोक्याच्या वर गेलाय. खाली साडीची चिंधी अजून तशीच, काठी समजून घट्ट मारलेली गाठ, ती आता सालीत रुतायलीय. आई दोन दिवस झाले मागं लागलीय, ती गाठ सैल कर म्हणून. आज चहा झाला की कात्री घेऊन जातो.