कोको काढला म्हणजे ब्लॉन्डी होत नाही

सकाळी अकराला पहिला ट्रे बाहेर काढला, तर कडेने तूप खदखदत होतं, भज्यांच्या कढईसारखं. 180 अंशांवर 35 मिनिटं होऊनही मधला भाग डुलत होता. संध्याकाळी पाचला 64 ब्लॉन्डी, म्हणजे कोको नसलेल्या फिकट ब्राउनी, द्यायच्या होत्या; म्हणजे आठ इंची चौकोनी चार ट्रे.

आधी ओव्हनवर संशय घेतला. आत ठेवलेला थर्मामीटर 178 दाखवत होता, म्हणजे ओव्हन निर्दोष.

"काय काय घातलंस?" मिश्रण करणाऱ्या मदतनिसाला विचारलं.

"ब्राउनीचंच माप घेतलं, ताई. कोको काढला आणि पांढरं चॉकलेट वितळवून घातलं."

घोळ तिथेच होता. आमच्या ब्राउनीत 170 ग्रॅम बटरला 80 ग्रॅम मैदा आणि 60 ग्रॅम कोको असतो. कोको फक्त चवीला नसतो. त्यातला स्टार्च आणि चोथा मिश्रणातलं पाणी आणि स्निग्धांश धरून ठेवतो. तो काढला, वर 150 ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून ओतलं. त्यात निम्म्याच्या आसपास साखर आणि उरलेल्यात बराचसा कोको बटर, म्हणजे कोकोचा स्निग्धांश. एवढं सगळं शोषायला 80 ग्रॅम मैदा कुठून पुरणार?

दुसऱ्या ट्रेचं मिश्रण अजून कच्चंच होतं. त्यात 70 ग्रॅम मैदा चाळून हलक्या हाताने मिसळला. भाजलं गेलं, पण केकसारखं फुगीर आणि मिट्ट गोड. ते ऑर्डरीत घातलं नाही.

मग चारही ट्रे नव्याने. एका ट्रेला 115 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं आणि एक जास्तीचा बलक, 135 ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर. बटर खारं असेल तर वरून मीठ नको. बटर तूप कढवतो तसं कढवायचं, पण बेरी बदामी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं. गरम भांड्यात राहिलं तर अर्ध्या मिनिटात करपतं. बेरी गाळायची नाही, सगळा खमंगपणा तिच्यातच असतो. पाणी उडून वजन 95 ग्रॅमच्या आसपास येतं. बोट सोसेल इतकं निवल्यावरच अंडं घालायचं, तेही फ्रिजमधून थेट काढलेलं नाही. थंड अंड्याने बटर गोठतं आणि मिश्रण फुटतं. पांढरं चॉकलेट 100 ग्रॅम, वितळवून नाही, चिरून, सगळ्यात शेवटी. वर आलेले तुकडे उलथन्याने आत दाबायचे, नाहीतर तेच आधी काळे पडतात.

175 अंशांवर 24 मिनिटं. ब्राउनीत रंगावरून काही कळत नाही, ब्लॉन्डीत कळतं: कड सोनेरी, वर पातळ सुरकुतलेला पापुद्रा, आणि मध्ये टोचलेल्या काडीला ओलसर कण. काडी कोरडी निघाली तर उशीर झालाय.

दोन-दोन ट्रे लावले, मध्यावर जागा बदलल्या. अर्धा तास पंख्याखाली, एक तास फ्रिजमध्ये. सुरी गरम पाण्यात बुडवून, दर कापाला पुसून. पावणेपाचला डबे बंद झाले.

पहिला ट्रे रात्रभर फ्रिजमध्येच राहिला. सकाळी त्याचे खव्याच्या बर्फीसारखे तुकडे पडले. चवीला बरे होते, हात मात्र साबणाने दोनदा धुवावे लागले.