जखमेवर पीएचडी: बडोद्यातला माझा अनुभव

सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, हुकली, पण ‘फक्त पीएचडी प्रवेश’ या गटात नाव आलं. 2024 पासून नेटमध्ये हा तिसरा गट आला आहे. त्यात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के महत्त्व असतं, आणि निकाल वर्षभरच चालतो. तेवढ्यात मार्गदर्शक शोधायचा, विषय मांडायचा.

विषय मनात पक्का होता. दांडिया बाजारातल्या माझ्या आत्याच्या तळपायाची जखम मधुमेहामुळे भरतच नव्हती. ड्रेसिंग मीच करायचे. कडा पांढुरक्या, कडक. मध्ये तीच ओल. एरवी जखमेत रक्त गोठतं, सूज येते, नवं मांस भरतं, मग व्रण घट्ट होतो. मधुमेहात गाडी बहुतेकदा सुजेपाशीच अडते. ती का अडते, हे शोधण्यासारखं दुसरं काम मला दिसत नव्हतं. शिवाय आमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पालीची तुटलेली शेपूट परत कशी उगवते यावर जुनं काम आहे. तिथे व्रणाशिवाय नवा अवयव येतो! म्हणून बडोदा सोडायचं नव्हतं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “उंदरावर प्रयोग करणार, पण त्याची जखम माणसासारखी भरते का?” नाही भरत. उंदराच्या सैल कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे जखम मुख्यतः आकसून मिटते. म्हणून जखमेभोवती सिलिकॉनचं कडं शिवून ते आकसणं रोखायचं, असं मी आराखड्यातच लिहिलं होतं. पुढचं बोलणं बराच वेळ त्या कड्यावरच चाललं, आणि प्रवेश त्यानेच मिळाला असं मला वाटतं. प्राण्यांआधी पेशींवर काम: बशीत वाढलेल्या थरावर पिपेटच्या टोकाने रेघ ओढायची आणि जास्त ग्लुकोजमध्ये ती किती सावकाश मिटते याचे ठरावीक तासांनी फोटो घ्यायचे.

पैशांचं आधी बघा. जेआरएफला दरमहा 37,000 रुपये मिळतात. ती नसेल तर गुजरात सरकारची ‘शोध’ योजना आहे: दोन वर्षं दरमहा 15,000 आणि खर्चासाठी वर्षाला 20,000. मी घरीच राहते म्हणून भागतं. बाहेरगावच्यांनी मार्गदर्शकांना प्रकल्पातल्या जागेबद्दल सरळ विचारावं.

कोर्सवर्क झालं. आता प्राणी नैतिकता समितीने इतकेच उंदीर का लागतील याचं गणित मागितलं आहे, ते मांडतेय.