तुम्ही विचारलंत म्हणून: लेझर प्लाझ्मात भोक पाडतो का?

नागपुरात फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. लेझरचा धडा निघाला की कोणीतरी विचारतंच, "सर, एवढा जबर लेझर प्लाझ्मात शिरला तर भोकच पाडत जात असन न?"

प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू. त्यात भोक पडतं, पण जळून नाही. 30 फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा 10¹⁵ वा भाग) लेझरची पल्स म्हणजे जेमतेम 9 मायक्रॉन लांबीचा प्रकाश. जड आयन जागचे हलायच्या आत ती पुढे निघून गेलेली असते. हलतात ते इलेक्ट्रॉन.

तीव्रता चौरस सेंटिमीटरला 10¹⁸ वॅटच्या घरात गेली, की इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या जवळपास डोलू लागतात आणि आइन्स्टाइनच्या हिशेबाने जड होतात. जड झालेले इलेक्ट्रॉन प्रकाशाला कमी दाद देतात. पल्सच्या मध्यावर तीव्रता जास्त, म्हणून तिथला अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) कडेपेक्षा वाढतो. झालं, बहिर्वक्र भिंग तयार! पसरायला निघालेला प्रकाश स्वतःच स्वतःला आवळून धरतो. गंमत म्हणजे त्याची अट एकूण पॉवरवर आहे, किरण किती बारीक केलाय यावर नाही. घनसेंटिमीटरला 10¹⁹ इलेक्ट्रॉन आणि 800 नॅनोमीटरचा लेझर धरा, साधारण 3 टेरावॅट, म्हणजे 3 लाख कोटी वॅट लागतात. प्लाझ्मा विरळ, तर पॉवर आणखी जास्त. पोरांना हे उलटं वाटतं. वाटू दे, गणित करा म्हणतो.

शिवाय प्रकाशाचा दाब इलेक्ट्रॉनांना बाजूला सारतो, हेच ते भोक. मागे राहिलेले आयन त्यांना परत खेचतात, ते वेगात येऊन पलीकडे जातात, आणि फुटाळा तलावात नावेमागे उठते तशी लाट पल्सच्या मागे धावते. या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार करायची कल्पना ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडली. कणांना वेग देणाऱ्या नेहमीच्या यंत्रात, त्वरकात, मीटरमागे काही कोटी व्होल्ट मिळतात, इथे 100 अब्जांपर्यंत. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत 20 सेंटिमीटर प्लाझ्मात इलेक्ट्रॉन 7.8 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला पोचले. आपल्या शेजारी, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही हे प्रयोग होतात.

मग पुढचा प्रश्न, "शेवटी पल्सचं काय होते?" लाट उठवायचा सगळा खर्च तिच्याच खिशातून. पुढची कड झिजत जाते, प्रकाश तांबड्याकडे सरकतो. पॉवर त्या मर्यादेखाली आली की भिंग टिकत नाही, आणि ती साध्या प्रकाशासारखी पसरते.