तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रातल्या डोंगराचं टेकाड का होतं?

"समोर एवढा मोठा डोंगर होता, कागदावर टेकाड झालंय, अजून उंच काढू का?" लँडस्केप शिकणारे हे मला सारखं विचारतात. माझं म्हणणं, डोंगराला हात लावू नका, त्याच्या पुढ्यात काय काढलंय ते आधी बघा.

जरा हिशोब करू. ३०० मीटर उंच डोंगर, तुमच्यापासून ३ किलोमीटरवर. एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिल धरली, म्हणजे डोळ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर, तर डोंगर तिच्यावर भरतो जेमतेम ६ सेंटिमीटर. आणि १७ मीटरवर उभा असलेला साडेपाच फुटी माणूससुद्धा तेवढाच भरतो! तोच माणूस १०० मीटरवर न्या, तो झाला १ सेंटिमीटर आणि डोंगर त्याच्या सहापट, डोंगराची रेघ न हलवता. मला आजही हे बघताना फार भारी वाटतं.

पण माणूस नुसता छोटा काढून भागत नाही, तो बरोबर जागी उभा पाहिजे, आणि तिथे आय लेव्हल, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा, लागते; चित्रात तीच क्षितिजरेषा. सपाट मैदानात तुम्ही उभ्याने चित्र काढताय तर तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच येणार, जवळचा असो की लांबचा, फक्त पाय वरखाली होतात. स्टुलावर बसलात की तीच रेषा त्यांच्या छातीच्या आसपास येते. लांबच्या माणसाचं डोकं या रेषेच्या बरंच वर गेलं की तो राक्षस दिसतो आणि मागचा डोंगर बिचारा खुजा होतो.

घाटावर मात्र हा नियम जसाच्या तसा चालत नाही कारण सगळे वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर बसाल तेव्हा पायऱ्याच माप म्हणून धरा, शेजारच्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत किती पायऱ्या येतात ते बघा आणि लांबच्या माणसालाही तेच लावा. घाईत पायऱ्या कमी आणि जाड काढल्या जातात, मग अख्खा घाट घराच्या ओट्याएवढा वाटतो.

झाडांचंही तेच. डोंगरावरच्या झाडाला सुटी पानं दाखवलीत की ते झाड जवळ आलं, आणि त्याच्याबरोबर डोंगरही. तिथे एकच फिका निळसर वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंगाचा थर, द्या, ब्रशचे ठिपके पुढच्या झाडासाठी ठेवा.