'अधिकृत पुरावा द्या' म्हणणारा रजिस्ट्रार आणि आरडॅप: माझा अनुभव

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेची वेबसाइट मी सांभाळतो. तिच्या नावात एक अक्षर बदलून कुणीतरी नकली साइट उभी केली आणि ठेवीदारांकडून ओटीपी मागायला लागले. १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदली गेली. घोडं अडलं ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन (साइटचं नाव) नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे.

ज्या कंपनीकडे ते डोमेन नोंदवलेलं दिसत होतं, तिला मी व्हूइज (डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणारी सेवा) साइटवरचा स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं: अशा साइटवरची माहिती जुनी असते, अधिकृत पुरावा द्या. फोन केला तर म्हणे रिसेलरशी, म्हणजे त्यांच्या वतीने डोमेन विकणाऱ्याशी बोला. रिसेलर कोण, ते सांगणार नाहीत. नवीन तिकीट टाकलं की जुनंच उत्तर चिकटवून बंद. इकडे म्हातारी माणसं पासबुक हातात धरून संस्थेत विचारतायत, 'पैसे आहेत ना आमचे?' ही टोलवाटोलवी आठवली की अजून डोकं तापतं. साइट सोडून मूळ व्हूइज सेवेलाच (ती पोर्ट ४३ वर चालते) विचारलं, तिथे शांतता. २८ जानेवारी २०२५ पासून बहुतेक जेनेरिक (कुठल्या देशाच्या नसलेल्या) डोमेनांना ती सेवा चालवणं आयकॅनने, म्हणजे डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, बंधनकारक ठेवलेलं नाही. तिच्या जागी आता आरडॅप आहे, नोंदणीची माहिती विचारायची नवी पद्धत.

आरडॅपचे सर्व्हर ढीगभर. कुठलं डोमेन कुणाकडे, याची यादी आयानाकडे (इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणारी यंत्रणा) असते. ती चाळत बसू नका. ब्राउझरमध्ये आरडॅप डॉट ऑर्ग, स्लॅश, डोमेन, स्लॅश आणि पुढे नाव टाका. ही सेवा यादी बघून तुम्हाला थेट त्या रजिस्ट्रीच्या (त्या प्रकारच्या सगळ्या डोमेनांची मूळ नोंद ठेवणारी संस्था) सर्व्हरवर पाठवते, म्हणजे उत्तर खुद्द रजिस्ट्रीचं. त्यात रजिस्ट्रारचा आयाना आयडी (ओळख क्रमांक) होता, त्याच्याच पोटात 'अब्यूज'चा, म्हणजे गैरवापराच्या तक्रारींचा ईमेल, आणि डेटाबेस शेवटचा कधी अद्ययावत झाला ती वेळसुद्धा. जुन्या माहितीची सबब तिथेच संपली.

ती लिंक आणि नकली पानाचे फोटो त्या अब्यूज पत्त्यावर पाठवले. एप्रिल २०२४ पासून फिशिंगचा (नकली साइटवरून माहिती उकळण्याचा) ठोस पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला कारवाई करावीच लागते, हे आयकॅनशी असलेल्या त्याच्या कराराचं कलमही लिहिलं. डोमेन होल्डवर गेलं, म्हणजे नकली साइट उघडेनाशी झाली. पहिल्याच मेलमध्ये हे कलम घाला, तेवढा मनस्ताप वाचेल.

मालकाचं नाव बहुधा झाकलेलंच असतं, त्याच्यामागे लागू नका. काही देशांची डोमेनं आयानाच्या यादीत नाहीत, तिथे ४०४ ('सापडलं नाही') येतं. मग त्या देशाच्या रजिस्ट्रीचीच साइट गाठायची. नावाऐवजी आयपी पत्त्याची (इंटरनेटवरच्या यंत्राच्या क्रमांकाची) माहिती हवी असेल तर 'डोमेन'च्या जागी 'आयपी' लिहा.